हिरव्या शिंगांचे चेअरमन

किसनतात्या कुणाच्याही गोठ्यात शिरले की गाय दूध किती देते हे विचारत नाहीत. ते सरळ तिच्या मागच्या बाजूला जातात, मान तिरकी करून बघतात आणि सांगतात, "दीड पाटी. पण पातळ हाय. कडबा वाढवा." त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही केजजवळच्या एका गावी गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, तिचं शिक्षण विचारून झालं आणि तात्या जागेवर नाहीत. थोड्या वेळाने ते गोठ्यातून हात झाडत आले आणि भर बैठकीत म्हणाले, "हे स्थळ सोडू नका. रोजचं तीन पाट्या शेण हाय." लग्न झालं. मुलीला हे कुणी सांगितलं नसावं, अशी मला अजून आशा आहे.

तात्या आमच्या गावच्या गोबर गॅस सहकारी संस्थेचे चेअरमन. मी गावातला मास्तर, आणि अक्षर बरं असल्याच्या शिक्षेपोटी संस्थेचा सचिव. दहा घरांनी मिळून तात्यांच्या परसात मोठी टाकी बांधली होती. दहाही घरांनी आपापलं शेण आणायचं, तितक्याच पाण्यात कालवून टाकीत सोडायचं. गॅस झाला की टाकीवर पालथा घातलेला लोखंडी ड्रम वर उचलला जायचा आणि नळ्यांमधून दहा घरांच्या शेगड्या पेटायच्या.

उद्घाटनाला आलेले पुढारी हरित विकास आणि अक्षय ऊर्जा यांवर पाऊण तास बोलले. तात्यांनी फीत वगैरे ठेवली नव्हती. त्यांनी पुढाऱ्यांच्या हातूनच शेणाची पहिली पाटी टाकून घेतली आणि मग आभाराला उभे राहिले. "सायेब ज्याला अक्षय ऊर्जा म्हणले, त्याला आपल्यात शेण म्हणतेत. परळीच्या वीज कारखान्याला कोळसा रेल्वेनं आणावा लागतो. आपला कोळसा दिवस मावळला की सोताच्या पायानं घरी येतो." पुढारी हसले, पण टाळी काही वाजवेनात. हात धुवायला पाणी मिळायचं होतं.

संस्थेच्या तक्रारवहीत तक्रार एक दिवस शिल्लक ठेवत नाही, असं तात्या मिरवायचे, आणि ठरावांचं तर त्यांना भारी वेड. चहात साखर कमी पडली तरी म्हणायचे, "गुरुजी, ठराव घ्या." एका सभासदाची म्हैस मेली तेव्हा त्यांनी दुखवट्याचा ठराव घ्यायला लावला. म्हशीच्या नावामागे कैलासवासी लिहायचं की नाही यावर आमचा अर्धा तास वाद झाला. शेवटी लिहिलं.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली. दिवाळीनंतर हातपाय धड असलेले सगळे सभासद बैल घेऊन ऊसतोडीला निघाले. जाण्याआधी सभा झाली. बैल चालले, शेण पुरणार नाही, पाणी नाही, टाकी बुजवू आणि ड्रम भंगारात घालू, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. तात्या पहिल्यांदाच विनवणीच्या सुरात बोलले. "पाडव्याला वापस आल्यावर शेगडी पेटती दिसली न्हाई, तर मीच पहिलं घमेलं माती टाकतो. तवर थांबा." तसा ठराव झाला. लिहिला अर्थात मीच.

माघात रस्त्याकडेला चारा छावणी उघडली. गावातल्या गाई, म्हशी आणि त्यांच्यामागे म्हातारे तिकडे मुक्कामाला गेले. छावणीतलं शेण छावणीवाल्याचं, असा तिथला रिवाज. तात्या भांडायला गेले. सोबत मलाही नेलं, कारण भांडणाचा ठराव घ्यायची वेळ आली असती.

"जनावर सभासदाचं हाय, तर शेणबी सभासदाचं," तात्या म्हणाले.

छावणीवाला खाटेवरून उठलाही नाही. "शेणावर नाव लिवलंय का तात्या? कोणचं कुणाचं, मी कसं वळखू?"

तात्या घरी आले. ड्रमला मारलेल्या हिरव्या ऑइलपेंटचा अर्धा डबा उरला होता, तो घेऊन पुन्हा छावणीत गेले आणि संस्थेच्या एकूण एक जनावराची शिंगं हिरवी करून आले. आता हिरव्या शिंगाखालचं शेण संस्थेचं, बाकीचं छावणीवाल्याचं. योजना मला बिनतोड वाटली होती.

दुसऱ्या दिवशी गेलो तर छावणीभर हिरवी शिंगं. हिरव्या शिंगाला सरकार एक पेंढी चारा जादा देतंय, अशी अफवा उठली होती. लोकांनी केजहून रंग आणला होता. ज्यांना रंग मिळाला नाही त्यांनी बायकांच्या ओढण्या फाडून गुंडाळल्या होत्या. एक म्हातारा बिनशिंगाचं वासरू घेऊन तात्यांसमोर उभा होता. "ह्याच्या कानाला लावलं तर चालंल का?" तात्यांनी क्षणभर खरंच विचार केला.

चार दिवस जादा चाऱ्यासाठी लोकांनी छावणीवाल्याचं डोकं खाल्लं. शेवटी त्यानेच हात जोडले. "तात्या, रोज दोन हातगाडे शेण न्या, पर परत रंगाचा डबा घेऊन हिकडं येऊ नका." त्या दिवसापासून साठी उलटलेले आमचे चेअरमन रोज दोन खेपा हातगाडा ढकलू लागले. रविवारी मी ढकलायचो. शाळेतली पोरं कुंपणापाशी उभी राहून बघायची, आणि सोमवारी पाढे विचारताना माझ्याच्याने नजर वर होत नसे.

पाण्याचं काय? टँकर चौथ्या दिवशी यायचा. तात्यांनी आंघोळ सोडली आणि आपल्या वाटणीचं पाणी टाकीला द्यायला लागले. पंधरवड्यानंतर मी त्यांच्याशी वाऱ्याची दिशा बघून बोलायचो. ते मात्र खुशीत होते, कारण ड्रम चार बोटं वर आला होता.

पण चार बोटांचा गॅस पुरणार किती? दाब इतका कमी होता की जाळ जवळच्या एकाच शेगडीपर्यंत पोचायचा, आणि ती शेगडी तात्यांची. बातमी उसाच्या फडापर्यंत गेली. एका सभासदाचा मला फोन आला, "गुरुजी, चेअरमन एकलाच गॅस खातोय म्हणं. कावून?" मलाही राग आला. हातगाडा मी ढकलायचा आणि भाकरी यांची भाजायची? त्याच दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी जाब विचारायला गेलो.

स्वयंपाकघरात पाच म्हाताऱ्या होत्या. पोरं आणि सुना उसाला गेल्यामुळे घरात एकेकट्या उरलेल्या. एक भाकरी थापत होती, एक शेगडीपाशी बसली होती, आणि त्यांच्यातलीच कोंडाबाई तिला "वाईच बारीक कर की जाळ, करपवलीस" म्हणून झापत होती. मिठाचा डबा सापडत नव्हता, त्यावरून आणखी दोघींचं वाजलं होतं. तात्या बाहेर, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसले होते.

"जाळ त्यांच्या घरी जात न्हाई," ते डोळे न उघडता म्हणाले. "मग म्हणलं, मान्सं जाळाकडं येऊ द्या."

मी गुपचूप शेजारी टेकलो. जाब विचारायचा तो राहूनच गेला.

"गुरुजी, एक इचारू?" थोड्या वेळाने ते म्हणाले. "दाब वाढला की ह्या आपापल्या घरी करतेल, न्हाई का?"

"करतीलच की. त्यासाठीच तर चाललंय सगळं."

"हां. ते बी खरंय." त्यांनी आतल्या कलकलाटाकडे कान दिला. "कारभारीण गेल्यापासून चार वर्षं झाली. ह्या घरात मी एकलाच बोलतो आन् एकलाच आइकतो. आता मीठ कुठं ठिवलं म्हणून कुणीतरी माझ्यावर वरडतंय. लई बरं वाटतं."

तात्यांची टिंगल करण्यात मी इतकी वर्षं घालवली आणि हा माणूस रोज संध्याकाळी काय खातो, हे मला माहीत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

फाल्गुनात ऊन तापलं आणि उन्हाने टाकीत गॅसही भराभर होऊ लागला. ड्रम हातभर वर आला. दाब कमी म्हणून बाकीच्या नऊ घरांच्या नळ्यांचे कॉक तात्यांनी बंद करून ठेवले होते, आणि ते कुणाला उघडताही आले नसते, कारण पाना तात्यांकडेच असायचा. त्यांनी ठरवलं असतं तर पाडव्यापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. ते त्याच सकाळी पाना घेऊन निघाले, नऊही कॉक उघडले, प्रत्येक घरात शेगडी पेटवून दाखवली आणि घरी येऊन एकटे बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात कुणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पिठाची परात घेऊन कोंडाबाई दारात. "तात्या, माझ्या शेगडीला जाळ न्हाई."

तात्या पाना घेऊन तिच्या घरी गेले. मी सोबत होतो. त्यांनी काडी लावली आणि निळा जाळ भसकन वर आला. कोंडाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिली. तात्यांनी जाळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि शेगडी बंद केली.

"कमीच हाय," ते म्हणाले. "चला माझ्याकडं."

आठवडाभरात उरलेल्या चौघींच्या शेगड्याही बिघडल्या, आणि पाचही तक्रारी मी तक्रारवहीत रीतसर लिहून घेतल्या.

पाडव्याला सभासद परत आले. शेगडी पेटती होती, संस्था वाचली. सभेत एकाने तक्रारवही चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "चेअरमन, जाळ कमी असल्याच्या पाच तक्रारी हायेत आन् एकबी मिटवली न्हाई. काय भानगड हाय?"

तक्रार एक दिवस शिल्लक ठेवत नाही म्हणून मिरवणारे तात्या खाली मान घालून बसले.

"तांत्रिक अडचण आहे," मी म्हणालो. "वेळ लागेल."