मनोऱ्यातली लिफ्ट आणि बंदसाहेब

पीएच.डी.च्या प्रवेशाची मुलाखत लेकीची होती, पण धास्ती घेतली होती ती बंदसाहेबांनी. सकाळपासून ते लॉजच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. शेवटी बायको म्हणाली, "अहो, असं मांजरासारखं फिरून तिला अ‍ॅडमिशन मिळणार आहे का? एवढ्या जुन्या विद्यापीठाच्या गावी आलोय, जरा बघू तरी काय आहे ते." आणि बंदसाहेबांनी ठरवलं, चला, बघून येऊ. माणसाचं वाटोळं व्हायला एवढंसं पुरतं.

बंदसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वीज कंपनीच्या ऑफिसात हेडक्लार्क असलेल्या या गृहस्थाला रिकाम्या जागी चालू असलेला दिवा बघवत नसे. खोलीत कुणी नाही, पंखा फिरतोय, की यांचा हात आपोआप बटणाकडे जायचा. (खोलीत कुणी असलं तरी जायचा. साहेब केबिनमध्ये डुलकी घेत असताना यांनी एसी बंद केला होता, ते प्रकरण पुष्कळ गाजलं.) घरी तर कुणी आंघोळीला गेलं की आतून आधी ओरडून सांगायचं, "मी आत आहे!"

तर निघाली मंडळी. बंदसाहेब, बायको आणि गुडघे धरून सासूबाई. जुनं ग्रंथालय पाहिलं, तिथली पुस्तकं साखळीने कपाटाला बांधलेली होती. बसून बसून बाकांना खड्डे पडलेला दगडी वर्ग पाहिला. गाइड सगळीकडे एकच वाक्य म्हणत होता, "हात लावू नका." बंदसाहेबांनी कशालाही हात लावला नाही. हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे.

शेवटी आला मनोरा. गावातली सगळ्यात जुनी इमारत. खाली म्युझियम, वर मानसशास्त्राचा विभाग, आणि त्याच विभागात दुपारी लेकीची मुलाखत. लेक आधीच वर जाऊन बसली होती. गोल दगडी जिना बघून सासूबाईंनी तिथेच हात टेकले.

"जावईबापू, माझ्याच्याने नाही व्हायचं."

लिफ्टवाल्याने त्यांना जुन्या लोखंडी लिफ्टमध्ये स्टुलावर बसवलं. तेवढ्यात जाड भिंगांच्या चष्म्याच्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई घाईघाईने आत शिरल्या. लिफ्टवाल्याने जाळी ओढली, आतलं बटण दाबायला सांगितलं आणि तो चहाला गेला. बायको जिना चढू लागली. बंदसाहेब मागोमाग निघाले, आणि जिन्याखाली त्यांना एक उघडी लाकडी पेटी दिसली. भर दुपारी तिथे एक बल्ब जळत होता. वर काहीतरी उगाचच घूं घूं करत होतं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

बंदसाहेबांनी दोन्ही खटके खाली ओढले आणि समाधानाने जिना चढायला लागले.

जरा वर गेल्यावर भिंतीतून आवाज आला, "जावईबापूऽऽ!"

बंदसाहेबांचा पाय हवेतच राहिला.

"अहो, आई कुठून बोलतेय?"

"भिंतीतून," बंदसाहेब म्हणाले, आणि आल्या पावली वळले. कारण घूं घूं कशाची होती, हे त्यांना त्या क्षणी समजलं होतं.

ते धडपडत खाली आले. खटके वर केले. बल्ब लागला. घूं घूं मात्र काही परत येईना. पुन्हा खाली, पुन्हा वर. पेटीतून चर्र करून ठिणगी उडाली, तसे बंदसाहेब लिफ्टवाल्याला शोधत सुटले. तो कप हातात घेऊनच आला आणि पेटीकडे पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"कुणी बंद केलं हे? आता वरची मशीनरूम उघडल्याशिवाय हलायची नाही ही. आणि किल्ली असते ऑफिसात. कुणी हात लावला?"

"उंदीर असेल," बंदसाहेब म्हणाले.

"उंदीर खटका खाली ओढतो?"

"मोठा असेल."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तिने कधीच पाहिलं नव्हतं. लिफ्टवाला किल्लीसाठी पळाला. तेवढ्यात वरून लेक धावत आली. चेहरा पांढराफटक.

"बाबा, मॅडम अजून आल्याच नाहीत! मुलाखत त्याच घेणार आहेत. फार कडक आहेत म्हणे, उशीर त्यांना खपत नाही, आणि आज त्याच गायब!"

"दिसायला कशा आहेत गं?" बंदसाहेबांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"पांढरे केस. जाड चष्मा."

बंदसाहेबांना वाटलं, या दगडी फरशीने आपल्याला पोटात घ्यावं. लेकीने दोन वर्षं रात्रीचा दिवस केला होता या मुलाखतीसाठी. आणि बापाने काय केलं? एक बल्ब वाचवला.

ते जिन्यातल्या, लिफ्टच्या बाजूने उघडणाऱ्या झरोक्याला कान लावून उभे राहिले. आत सासूबाईंचा खणखणीत आवाज चालू होता.

"हे आमच्या जावयाचंच काम! दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. मी दवाखान्यात होते ना मॅडम, तेव्हा भेटायला आला. हा जातो न जातो तोच नर्स धावत आली. माझ्या उशाशी चालू असलेलं मशीन बंद करून गेला होता!"

"मग?" मॅडमचा आवाज.

"मग काय, मी आहे अजून. त्याच्या कृपेने नव्हे."

'आई, गप्प बसा हो,' बंदसाहेब मनातल्या मनात हात जोडत होते.

आणि आई खरंच गप्प बसल्या.

आतून आवाज नाही. कुजबूज नाही. बंदसाहेबांनी हाक मारली, "आई?" उत्तर नाही. "आई, ऐकू येतंय का?" काहीच नाही. सासूबाईंना दम्याचा त्रास होता. आणि त्यांचा पंप बायकोच्या पर्समध्ये होता. बायको रडायला लागली. "आईला काही झालं तर..." एवढंच ती म्हणू शकली. या बाईंशी बंदसाहेबांचं आयुष्यभर कधी धड पटलं नव्हतं, पण त्या अंधाऱ्या पिंजऱ्यात त्या श्वासासाठी तडफडताहेत, हे डोळ्यांसमोर आलं आणि त्यांचा धीर सुटला.

"मी बंद केली!" ते झरोक्यात तोंड घालून ओरडले. "आई, उंदीर नव्हता, मी होतो! मॅडम, मुलीचा काही दोष नाही हो, मला शिक्षा करा! आई, बोला ना!"

जिन्यावर गाइडसकट सगळे पर्यटक गोळा झाले होते. कुणीतरी फोटोही काढला. लेकीने ओढणीत तोंड लपवलं.

आतून सासूबाईंचा अगदी ठणठणीत आवाज आला. "ऐकलंत मॅडम? झाला कबूल!"

"मी म्हटलं नव्हतं?" मॅडम म्हणाल्या. "अशी माणसं कुणी रागावलं म्हणून बोलत नाहीत. आपण गप्प बसलो की बोलतात."

किल्ली आली, मशीनरूम उघडली आणि लिफ्ट एकदाची वर पोचली. सासूबाई स्टुलावरून उठल्या, पंप घेतला आणि जावयाकडे न बघता बाकावर जाऊन बसल्या. मॅडमनी चष्मा पुसला. बंदसाहेबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग लेकीकडे वळल्या.

"हे तुझे वडील?"

लेकीने ओढणी सारखी केली. तेवढ्यात बंदसाहेबांचा जीव कितीदा तरी वरखाली झाला. नाही म्हण पोरी, ते मनात म्हणाले, नाहीच म्हण, मला चालेल.

"हो," लेक म्हणाली. "माझेच."

"चल आत."

दार बंद झालं. बाहेर बाकावर तिघं. सासूबाई आणि बायको एका टोकाला, बंदसाहेब दुसऱ्या. मुलाखत संपता संपेना. आतून एकदा हसण्याचा आवाज आला, आणि बंदसाहेबांना वाटलं, संपलं सगळं. आपल्या पोरीला हसतात.

अखेर दार उघडलं. लेकीचे डोळे भरले होते.

"मिळाली," ती म्हणाली. "मला अ‍ॅडमिशन मिळाली, बाबा!"

बंदसाहेबांनी वर बघून हात जोडले. बायकोने लेकीला कवटाळलं. सासूबाईंनीही डोळे पुसले, म्हणजे प्रसंग मोठाच होता.

"पण विषय बदलायला सांगितलाय," लेक जरा चाचरत म्हणाली. "मॅडमना माझा विषय शिळा वाटला. त्या म्हणाल्या, माणसाला सवय कशी गिळते यावर कर. एकाच माणसाचा, नीट, तीन वर्षं अभ्यास."

"छान विषय आहे!" बंदसाहेब उत्साहाने म्हणाले. "आणि माणूस कुठून आणणार?"

तिघी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"त्यांनी एकच अट घातलीय," लेक हळूच म्हणाली. "तुम्हाला या इमारतीत पुन्हा आणायचं नाही. त्या स्वतःच आपल्या घरी येणार आहेत."

"त्यांना म्हणावं, जरूर या," बायको पर्स उचलत म्हणाली. "फक्त येताना टॉर्च घेऊन या."