तळ्याकाठचा रुमाल

जागा ज्याने आधी धरली त्याची, हा सृष्टीचा मूळ नियम आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी माणसाला रुमाल दिलेला आहे. चतुर या किड्याला तो नाही (पंख चार, खिसा एकही नाही), म्हणून बिचाऱ्याला दिवसभर भांडावे लागते.

सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे रामहरी सर हेच सिद्ध करायला मंद्रूपजवळच्या एका तळ्यावर अकरा दिवस येत होते. बढतीसाठी संशोधन समितीला चतुराच्या हद्दीची सलग तीन तासांची नोंद हवी होती आणि आज शेवटची तारीख होती. लव्हाळ्याच्या शेंड्यावरचा निळा नर काठच्या एका सपाट दगडावरूनच नीट दिसे. दोन तासांत त्याने सदतीस नर हुसकावले. जखमी शून्य, पंचनामे शून्य (सरांच्या सोसायटीत पार्किंगच्या एकाच भांडणात दोन्ही आकडे याहून चांगले भरतात). सरांना त्याचा अभिमान वाटू लागला होता.

तेवढ्यात सरांना लघवीला जावे लागले (नियमांत पाच मिनिटांची सूट आहे). दगडावर रुमाल टाकून ते निर्धास्त गेले. परतले तेव्हा दगडावर गावातल्या काशम्मा गोधडी धूत होत्या आणि रुमाल बाभळीवर वाळत होता.

"मावशी, मी रुमाल टाकला होता."

"व्हय की. लई मळला हुता, धुतला."

"अहो, जागा धरली होती. अकरा दिवस बसतोय इथं."

"आमी लगीन होऊन आल्यापासनं हितंच धुतो," काशम्मांनी गोधडी आपटली. "ही काय यष्टी हाय व्हय?"

त्या दणक्याने चतुर उडाला तो परतलाच नाही. एक तास बाकी होता. बढती आणखी वर्षभर गेली, या विचाराने सर दगडाभोवती चकरा मारू लागले. पण माणूस प्रामाणिक. समोर जे घडत होते तेच त्यांनी रकान्यांत भरले: 'मालकाने जागा सोडली नाही. पराभूत नराच्या चकरा बावीस. घशातून आवाज सात वेळा. अखेर ओला रुमाल घेऊन निघून गेला.'

समितीने नोंद एकमताने मंजूर केली, बढतीही दिली. पराभूत नराचे वर्तन विशेष जिवंत उतरले आहे, असा शेरा आला. रुमालाबद्दल कोणी विचारले नाही (बैठकीत अध्यक्ष येईपर्यंत त्यांच्या खुर्चीवरही एक होताच).

आपण हे बसून वाचत असाल, तर शेजारच्या जागेवरची पिशवी आता उचला. मघापासून कोणीतरी चकरा मारते आहे.