चालींचे बाप

जुनं अमेरिकन गाणं लागलं की परकारभाई गायकाचं नाव घेत नसत. चाल बांधणाऱ्याच्या बापाचा धंदा सांगत. "ही शिंप्याच्या पोराची. आणि ही? खाटकाच्या."

सौदीतल्या खोबर शहरात एका तेल कंपनीत ते पंपांची देखभाल करत. घरात कॅसेटींचं कपाट होतं आणि कुणाला संशय नको म्हणून प्रत्येक कॅसेटीवर पंपाच्या कुठल्या तरी भागाचं नाव. या चाली बांधणारे बरेचसे ज्यू होते, आणि तो शब्द सौदीत मोठ्याने बोलायची सोय नव्हती. बोलायचाच झाला तर परकारभाई स्वयंपाकघरात जाऊन एक्झॉस्ट पंखा लावत आणि त्या घरघरीत सांगत, "बोटीतून उतरले तेव्हा इंग्रजीचा पत्ता नाही. पण पुढे अख्खा देश त्यांच्या चाली गुणगुणायला लागला!"

धंद्यावरून ओळखायची सवय गावाकडची. मुरुडला त्यांच्या शेजारी शनवार तेली राहत. कोकणातले हे ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून हे नाव. "अमेरिकेतले म्हणजे त्यांचेच भाऊबंद," असा परकारभाईंचा निवाडा होता.

त्यांच्या पत्नी झुबेदाभाभी वैतागत. "ज्याच्या त्याच्या बापाची चौकशी! यांच्या पोरांना आपल्या मुली द्यायच्यात का?"

"चाल बघून देईन," परकारभाई म्हणत.

इराकशी युद्ध तोंडावर आलं तसं भाभींना आणि मुलांना त्यांनी मुरुडला पाठवलं. एकटं नको म्हणून मी, त्यांच्याच कंपनीतला, त्यांच्याकडे राहायला गेलो. क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला की आतल्या बिनखिडकीच्या खोलीत जायचं, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायचा, मास्क चढवायचा. विषारी वायूच्या भीतीने स्वयंपाकघरातला पंखाही चिकटपट्टीने बंद केला होता. "पंखा बंद, इतिहास बंद," परकारभाई म्हणाले.

वरच्या मजल्यावर हॅरिस नावाचा अमेरिकन इंजिनीअर एकटाच राहत असे. त्याच्या खोल्यांना मोठमोठ्या काचा, म्हणून भोंगा झाला की तो आमच्याकडे येई. एका संध्याकाळी कंपनीचे सौदी सुरक्षा अधिकारी अबू सालेम घरं तपासायला आले असतानाच भोंगा झाला. आम्ही चौघे आत बसलो. लांबवर धमाका झाला, मग बराच वेळ काहीच नाही. मास्क काढून मांडीवर घेतले. हॅरिस नकळत काहीतरी गुणगुणू लागला.

परकारभाईंचे कान टवकारले. "ही माझ्याकडे नाही! चाल कुणाची?"

"माझ्या वडिलांची," हॅरिस हसला. "छापली होती, पण खपली नाही."

"आणि त्यांचे वडील? त्यांचा धंदा?"

हॅरिसचं हसू विझलं. त्याने अबू सालेमकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो ज्यू आहे हे परकारभाईंना आणि मला एकदमच कळलं. हे अबू सालेमना कळलं असतं, तर त्याची नोकरी खलास.

"तेलाचा!" परकारभाई म्हणाले. "मागे सांगितलं होतं ना तुम्ही. तेलाच्या धंद्यात होते."

"तेल? माशाल्ला!" अबू सालेम खूश झाले. "मग तर आमचाच माणूस!"

धोका टळल्याचा भोंगा झाला. हॅरिस मास्क उचलून वर गेला.

पुढच्या भोंग्याला तो आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. "त्या काचांत बसलाय. माझ्या जिभेला घाबरून," परकारभाई म्हणाले. मी म्हटलं, वाचवलंत की तुम्ही त्याला. "अडचणीत कुणी आणलं?" त्या दिवशी कॅसेट लागली नाही.

तिसऱ्या भोंग्याला मी मास्क चढवून आत गेलो. परकारभाई ओला टॉवेल हातात घेऊन बाहेरच्या दारात उभे होते.

"परकारभाई, यल्ला, चला आत! दार लावा!"

"वरचा यायचाय."

"तो येत नाही आता!"

ते जिन्यापाशी गेले. मास्क गळ्यात लोंबत होता. "मिस्टर हॅरिस! आज काही विचारणार नाही! कुणाचंच नाही!"

परकारभाई पहिल्या पायरीवर बसले.

"तुम्ही आत जा," मला म्हणाले, "आणि दार लावून घ्या. तो उतरेपर्यंत मी इथेच आहे."

मी दार लावलं नाही. थोड्या वेळाने वरच्या दाराची कडी वाजली.