बारा चुकांचं पाकीट

चुका करण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हसू नका. नववीत मी शाळेला रामराम ठोकला तेव्हा हेडबाई म्हणाल्या होत्या, "ही मुलगी चुका करत नाही, पेरते." मला तर ते सर्टिफिकेटच वाटलं.

तर ह्याच गुणाला एक दिवस चक्क सरकारी मागणी आली!

मी राहते मावशीकडे. मावशीचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, तीन आरसे, मागे पडदा आणि पडद्यामागे खोली. मला सगळे टाचणी म्हणतात. अंगाने बारीक म्हणून, असं मावशी सांगते. बोलते तेव्हा टोचते म्हणून, असं गिऱ्हाइकं सांगतात.

परवाना मंडळाचं पत्र आलं. पार्लर असो, चष्म्याचं दुकान असो की वायरमन, ह्या मंडळाचा कागद भिंतीवर नसेल तर शटर खाली. त्यांनी नवे इन्स्पेक्टर भरले होते आणि त्यांना शिकवायला खरंखुरं दुकान हवं होतं. दुकानात मुद्दाम बारा चुका करून ठेवायच्या. त्यांची यादी बंद पाकिटात ट्रेनर बाईंना द्यायची. शिकाऊंनी चुका शोधायच्या.

"मावशी, हे काम माझं!"

"तुझंच गं बाई. रोज फुकट करतेस, आज हुकुमावरून कर." मावशी खुशीत होती. तिचा परवाना पुढच्याच आठवड्यात रिन्यू व्हायचा होता. मंडळाशी ओळख झालेली बरी, हा तिचा हिशोब. "फक्त माझ्या दुकानाची अब्रू सांभाळ. आरशासारखं ठेवलंय मी."

मी दोन रात्री झोपले नाही. स्वच्छ टॉवेलांत वापरलेला टॉवेल घुसवला. कंगव्यात केस अडकवले. वापरलेलं ब्लेड नव्या ब्लेडांच्या पाकिटात सरकवलं. परवाना कॅलेंडरमागे टांगला. बारावी चूक म्हणजे माझा मास्टरस्ट्रोक! 'बिनपरवाना मुलगी गिऱ्हाइकाचे केस कापण्याचं नाटक करते.' म्हणजे मीच. यादी लिहिली, पाकीट डिंकाने असं चिकटवलं की तुरुंगाच्या दाराला लाज वाटावी.

ठरलेल्या दिवशी पाच शिकाऊ आले. पाचांतले तीन भिंतीला चिकटून उभे. उरलेले दोन लक्षात राहतील असे. एक लांबुळका, पंख्याला डोकं लागेल एवढा. दुसरी मुकीबाई. तोंडातून शब्द नाही, डोक्यावर टोपी, कपाळ अर्धं झाकलेलं. ट्रेनर बाईंनी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि चष्मा सारखा केला.

"अर्धा तास. आणि नियम लक्षात असू द्या. यादीतल्या चुका सरावाच्या. यादीत नसलेलं काही सापडलं तर ते खरं धरायचं आणि रिपोर्टात लिहायचं."

मी मावशीकडे पाहिलं. "हे कधी ठरलं?"

"पत्रात होतं की! खाली, बारीक अक्षरात. मला कसली भीती? माझ्या दुकानात आहे काय सापडायला?"

बारीक अक्षरं मला चावतात. मी ती वाचत नाही.

लांबुळक्याने पहिली हाक दिली ती कंगव्यांच्या बरणीवरून. "मॅडम, हे जंतुनाशक निळं असायला हवं ना? हे तर पाणी आहे."

ही चूक माझी नव्हती! मावशीची होती. औषध पुरवून पुरवून वापरताना तिने इतकं पाणी घातलं होतं की त्यात मासे सुखाने राहिले असते.

"तेही मीच केलंय!" मी ओरडले.

"यादीत आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे की! म्हणजे... दुसऱ्या पानावर. दुसरं पान आत राहिलंय. आणते!"

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला वेड लागलं होतं. मी पडद्यामागे पळाले. कागद कुठे मिळेना! शेवटी केसांच्या रंगाचं रिकामं खोकं फाडलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं : तेरा, बरणीत पाणी.

बाहेरून लांबुळका, "आग विझवायचा सिलिंडर! तारीख दोन वर्षांपूर्वीच संपली!"

चौदा, सिलिंडर.

मग भिंतीला चिकटलेल्या तिघांतला एक जण, "गिऱ्हाइकाच्या मानेवर फिरवायचा ब्रश सगळ्यांना एकच आहे वाटतं. किती मळलाय!"

पंधरा, ब्रश. माझा हात शिलाई मशीनसारखा चालला होता. मनात आलं, हे असं किती वेळा आत-बाहेर पळणार? आपले डोळे काय त्या लांबुळक्यापेक्षा कमी आहेत? सापडायच्या आधीच सगळं लिहून टाकावं! मी खोलीभर नजर फिरवली. सोळा, गिझरची उघडी वायर. सतरा, नाव न लिहिलेली बाटली. अठरा, प्रथमोपचाराच्या पेटीत बटणं आणि दोऱ्याची रिळं. एकोणीस, मागच्या दारासमोर रचलेली खोकी. काय सुरेख यादी झाली! हेडबाईंनी पाहायला हवी होती.

मी बाहेर आले, खोकं बाईंच्या हातात ठेवलं. शाई ओली होती, त्यांच्या अंगठ्याला लागली. त्यांनी अंगठा पाहिला, मग मला पाहिलं, मग मोठ्याने वाचायला घेतलं. "सोळा, गिझरची उघडी वायर. सतरा, नाव नसलेली बाटली..."

"मॅडम, हे आम्हाला सापडलंच नव्हतं!" लांबुळका म्हणाला.

मावशी खुर्चीत बसली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत! मी तिला त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसलेली पाहिली. "अगं टाचणे," ती हळूच म्हणाली, "तू माझी वकील आहेस की फौजदार?"

बाई मागच्या खोलीत गेल्या. मावशी सोडून आम्ही सगळे मागून. त्यांनी वायरकडे बोट केलं. "ही तू आज सकाळी उघडी केलीस?"

"हो! सकाळीच. दातांनी!"

"आणि हे कोळ्याचं जाळंही सकाळीच विणलंस?"

मी फुंकर मारून जाळं उडवायला गेले, ते माझ्याच नाकाला चिकटलं.

पण मी हार मानणारी नाही! "ते सोडा," सगळ्यांना पडद्याबाहेर आणत मी म्हटलं. "माझी बारावी चूक कोणाला सापडली का? नाही ना? दोन रात्री जागून केलीये! बघा!" आणि कात्री उचलून खुर्चीमागे उभी राहिले, रुबाबात. "ही बिनपरवाना मुलगी केस कापतेय. नाटक! हे सरावाचं आहे, हे पाकिटात आहे, ह्याला रिपोर्ट नाही!"

तेव्हा मुकीबाईला वाचा फुटली.

"मॅडम, हे नाटक नाही."

तिने टोपी काढली. तिच्या कपाळावरचे केस डावीकडे भुवईपर्यंत आणि उजवीकडे पार वरती. मधे जिना. तो जिना मी ओळखला! दीड महिन्यापूर्वी मावशी दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, आणि दारात एक बाई घाईत होती, आणि मी म्हटलं होतं, "बसा ना ताई, मी काय परकी आहे?"

"हिनेच कापले," मुकीबाई म्हणाली. "तेव्हा मी मंडळात नव्हते. पुढच्याच आठवड्यात मुलाखत होती. टोपी घालून दिली."

"टाचणे!" मावशी खुर्चीतून उठली. "माझ्या मागे तू कात्री धरलीस?"

"एकदाच गं मावशी!"

"दोनदा," मुकीबाई म्हणाली. "पुढे माझी बहीण आली होती. तीही टोपीच घालते."

लांबुळका आरशाकडे तोंड करून हसत होता. तीन आरसे, म्हणजे तीन लांबुळके हसत होते. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पण मावशीचा हात पाहिला. कॅलेंडरमागच्या परवान्याची चौकट तिने धरून ठेवली होती. बावीस वर्षांचा कागद. मग माझा राग कुठे गेला कोण जाणे.

"बाई," मी म्हटलं, "जे लिहायचंय ते माझ्या नावावर लिहा. मावशीला केस कापल्याचं ठाऊक नव्हतं. देवाशपथ."

"माझ्या पेटीतली बटणं हिने नाही ठेवली," मावशी म्हणाली. "ती माझी. बरणीतलं पाणीही माझंच. ते माझ्या नावावर लिहा."

बाईंनी बराच वेळ लिहिलं. एवढा वेळ एका जागी उभं राहायची शिक्षा मला शाळेतही झाली नव्हती. शेवटी कागद फाडून मावशीला दिला. तीस दिवसांत सगळं दुरुस्त करायचं, मगच परवाना. पण पार्लर उघडं राहील. मावशीने श्वास सोडला तो मला पाठीवर लागला.

"आणि ही कात्रीला हात लावणार असेल," बाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तर मंडळाचा कोर्स करेल. आठ महिने. रोज. पहिल्या बाकावर."

बाक! ज्या बाकापासून मी पळाले होते, तोच बाक वळसा घालून मला गाठायला आला होता!

मावशीने सव्वीस दिवसांत दुकान खरोखर आरशासारखं केलं. परवाना मिळाला, कॅलेंडर आता दुसऱ्या भिंतीवर आहे. मी आठ महिने बसले. पायाला मुंग्या आल्या, पण बसले. गेल्या आठवड्यात परीक्षा झाली. पेपर ट्रेनर बाईंनी काढला होता. शेवटचा प्रश्न वाचून मला हसूच फुटलं : 'एका पार्लरच्या यादीत बारा सरावाचे दोष आहेत, आणि ऐनवेळी खोक्यावर आणखी सात लिहून दिले. तर त्या पार्लरमध्ये खरे दोष किती?'

हा प्रश्न मला? अहो, ते खोकं मी फाडलेलं! मी छाती काढून लिहिलं, सात.

उत्तर आठ होतं. बाईंनी लाल पेनाने शेजारी लिहिलं होतं : 'क्रमांक बारा विसरलीस.'