दाजींचा अंगठा

आमचे दाजी माणूस भेटला की नमस्कार नंतर करायचे, आधी त्याच्या पाठीमागे हात घालायचे. शेवटच्या बरगडीखाली मणक्यावर अंगठा दाबायचा, बोटांनी कडेचं मांस चाचपायचं आणि निकाल द्यायचा. "भरलाय." नाहीतर, "उतरलाय रे, कणा टोचतोय." समोर बँकेचा मॅनेजर असो की नवरदेव, सुटका नाही. बायकांना तेवढं वगळत. आमच्याकडे लांबून बघायचे आणि गप्प बसायचे, कारण त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "डोळा फसतो. अंगठा फसत नाही."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. हैदराबादच्या रिंग रोडपलीकडे त्यांची थोडी जमीन आहे. तिथे दोघांचं घर, आणि मागे मेंढ्या; अंगठ्याची सवय त्यांच्याच पाठी चाचपून लागलेली. मटणासाठी पाळायच्या, नेल्लूर जातीच्या. उंच पाय, लोंबते कान आणि अंगावर लोकर नाहीच, नुसते तोकडे केस. त्यामुळे पाहुणे त्यांना हमखास शेळ्या म्हणत. पुण्याहून इकडे नोकरीला आलेलं एक जोडपं मी एकदा तिथे नेलं. मुलगी म्हणाली, "केवढ्या गोड शेळ्या!" दाजींनी दोघांना उन्हात उभं केलं. "शेळीची शेपटी वर असते. ही बघा, खाली. दिसली? आता ती बघा." अख्ख्या कळपाच्या शेपट्या बघून झाल्यावर तिने भीतभीत विचारलं, "मग लोकर कधी कापता, काका?" दाजी जे घरात गेले ते जेवायलाच बाहेर आले.

मलकपेठच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाला मिठी मारल्यासारखं करून त्याची पाठ तपासली आणि भरमांडवात मला हाक मारली. "हा पार उतरलाय. तुझ्या दुकानात जंताचं औषध असेल ना गं?" नारायणगुड्यात माझं औषधांचं दुकान आहे. मुलीकडचे लोक माझ्याकडे असे बघायला लागले, जणू जंत मीच पुरवते. हळद उतरायच्या आत नवरदेव काविळीने झोपला. दाजींनी त्याचा एवढा गाजावाजा केला की शेवटी अक्का म्हणाली, "बरा झाला म्हणून नशीब. मेला असता तर तुम्ही पेढे वाटले असते."

धंद्यात मात्र या अंगठ्याने त्यांचं नुकसानच केलं. बकरीदच्या आधी चाँदभाई खाटीक खरेदीला येतो. बाकीचे लोक त्या दिवशी जनावराला मीठ चारतात, मग ते पोटभर पाणी पितं आणि काट्यावर जड भरतं. दाजी मीठ चारत नसत. वर आपणच सांगत, "ये नक्को ले, मियाँ. पेट भरेला है, पीठ खाली है." चाँदभाई कपाळावर हात मारून घ्यायचा. "दाजीसाब, हम पूछेच नै! आप कायकू बोल रै?"

घरच्या मेंढीचं मटण घरात शिजत नसे. कळपातली जनावरं खाटकाकडे जायची आणि रविवारी दाजी स्कूटर काढून गौलीगुड्यातून मटण विकत आणायचे. "हाताखालून गेलेलं घशाखाली जात नाही," म्हणायचे. विकायच्या जनावराला नाव ठेवायचं नाही, हा दुसरा नियम. तो अक्काने मोडला. आई मेलेलं एक पिल्लू तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं. ते मान ताठ ठेवून चालायचं, म्हणून त्याचं नाव नवाब. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येऊन ते भाकरीसाठी ओरडायचं. दाजी चिडायचे, "लेकरू आहे का ते?" पण चाँदभाई यायच्या दिवशी नवाबला घरामागे नेऊन बांधायचे तेच.

अक्का बारीक व्हायला लागली तेव्हा तिच्या मैत्रिणींनी तिचं कौतुक केलं. एकीने तर काय खातेस ते लिहून मागितलं. दाजींनी तिच्या पाठीला अंगठा लावला आणि दुपारी माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. "तुझी अक्का उतरलीय. खाणं तेवढंच आहे, पण उतरलीय."

पोटात गाठ होती आणि ती पोटातच राहिलेली नव्हती. मी औषधं विकते. कोणती गोळी रोगासाठी लिहिलेली असते आणि कोणती नुसत्या दुखण्यासाठी, हे मला चिठ्ठी बघून कळतं. शेवटच्या चिठ्ठीत पहिल्या प्रकारची एकही नव्हती. दाजींना मी स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "भरली की बघू."

मग गाभण मेंढीचा खुराक वाढवावा तसा त्यांनी अक्काचा खुराक वाढवला. खीर, शेंगदाणे, अंडी. ती दोन घास खायची आणि उरलेलं खिडकीतून नवाबला द्यायची. नवाब भरत गेला. रोज सकाळी दाजी तिच्या पाठीला अंगठा लावायचे आणि मेंढ्यांकडे निघायचे. ती विचारायची, "काय हो?" ते म्हणायचे, "उद्या बघू."

एका रविवारी मी गेले तर चुलीवर मरग उकळत होता. मरग म्हणजे आमच्याकडचा मटणाचा पातळ रस्सा. आजाऱ्याला भरलेल्या जनावराच्या ताज्या मटणाचाच द्यावा म्हणतात. स्कूटरवर धूळ तशीच होती. अंगणात चाँदभाई हात धूत होता.

दाजींनी वाटी तिच्या ओठाला लावली.

"गौलीगुड्याहून आणलंत?" अक्काने विचारलं.

"पी."

"आज खिडकीत कोणी ओरडलं नाही."

थोडा रस्सा चादरीवर सांडला. अक्काने दाजींचं मनगट धरलं, वाटी स्थिर केली आणि प्यायली. पाणीसुद्धा उलटून पडत होतं तिचं, पण वाटी संपेपर्यंत प्यायली. मग कुशीवर वळली. "बघा आता."

मी पायाशी उभी होते. पोलक्यातून मणके मला तिथूनही दिसत होते. दाजींनी अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"भरतेयस," ते म्हणाले.

"अंगठा फसत नाही ना?"

"नाही."

"ऐकलंस?" अक्का मला म्हणाली आणि हसली. इतकी वर्षं त्या माणसाबरोबर मेंढ्या राखलेली बाई. तिला काय कळायचं राहणार?

पुढच्या बकरीदला अक्का नव्हती. चाँदभाई आला, एक मेंढा पुढे ओढून सवयीने म्हणाला, "देखो, दाजीसाब, भरेला है ना?"

दाजींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"आँख से देख ले, मियाँ," ते म्हणाले. "मेरे अंगूठे का भरोसा नक्को कर."