दिवसाला दहाच फायली

जिलानीचं डोकं सकाळी अकरालाच तडकलं. लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत त्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. भागवत सरांच्या क्लासमधल्या पोरांची खास तुकडीसाठी निवड परीक्षा चार वाजता, छापायचे पेपर सहाशे, आणि संगणकावर पाटी आलेली : "मोफत वापराची मुदत संपली. आता दिवसाला दहाच फायली उघडतील. आजच्या दहा झाल्या."

फायली कुलूपबंद ठेवणारं हे सॉफ्टवेअर सरांनीच घ्यायला लावलं होतं. पेपर फुटला तर वर्षभराचं काम दुसऱ्या दुकानाला, असं बजावलंही होतं. शिवाय सरांनी तो पेपर अकरा वेळा दुरुस्त केला. जिलानीनं दर खेपेला नवी फाईल केली आणि नावं ठेवली 'फायनल', 'खरं फायनल', 'एकदम फायनल'. त्यातली शेवटची कोणती ते बघायला त्यानं दहा उघडल्या. दहाही जुन्या निघाल्या.

"मंग अकरावीच असंल की," बायको, शकिला, बाइंडिंग करता करता म्हणाली.

"ते मलाबी कळतंय. पण उघडू कोण देऊन राहिलं? संगणक माझा, फायली माझ्या, आन् हे मला शिकवून राहिले किती उघडायच्या ते."

पाटीखाली चौकट होती, 'आपलं मत कळवा'. ती बघून तर जिलानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं दणादण टाईप केलं : "एकदम बोगस माल हाय. महिनाभर गोड बोलायचं आन् ऐन कामाच्या टायमाला दार लावायचं. सहाशे लेकरं खोळंबलीत. लाज वाटू द्या जरा." तारा एकच दिला, कारण शून्याची सोय नव्हती. पुढे 'न उघडणारी फाईल जोडा' असं होतं. त्यानं अकरावी जोडून दिली. तरी राग निवेना, म्हणून त्या मताची लिंक मोबाईलच्या स्टेटसला लावली. वर लिहिलं, "सगळ्यांनी वाचा. असल्यांना सोडायचं न्हाई."

पंधरा मिनिटांत कंपनीचं उत्तर आलं. तसदीबद्दल क्षमस्व, आजची मर्यादा काढली आहे, जोडलेल्या फाईलचं कुलूपही काढलं आहे.

"बघितलं? तोंड सोडल्याबिगर कुणी ऐकत न्हाई," जिलानी म्हणाला आणि छपाईला लागला.

दोन वाजता सर स्वतः आले. शटर अर्धं खाली ओढून दारात पहारा देत उभे राहिले. नोट्स न्यायला किनवट, उदगीर, किल्लारीकडची पोरं आली, त्यांना त्यांनी हाकलून लावलं. एरवी तासभर हुज्जत घालणारी पोरं गुमान परत गेली. जिलानीला जरा नवल वाटलं.

गठ्ठ्यांना सील लागलं. सर खूश झाले. "जिलानीभाई, तुमच्याइतका भरवशाचा माणूस या गल्लीत न्हाई. पुढच्या सालचं कामबी तुम्हालाच."

एवढ्यात शकिलानं त्याला मशीनच्या मागं ओढलं. त्याचा मोबाईल तिच्या हातात होता.

"सादियाचे अब्बा, तुमचं स्टेटस लई जणांनी बघितलंय."

"बघू दे की. जाऊ दे कंपनीची इज्जत."

"नोट्स मागवतेत म्हणून क्लासच्या सगळ्या पोरांचे नंबर ह्याच फोनात हायत."

शकिलानं मोबाईल त्याच्यापुढं धरला. त्याचा एक तारा, त्याच्या शिव्या, आणि शिव्यांखाली जोडलेली फाईल, कुणीही कितीही वेळा उघडावी अशी. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : "हे मत ५७३ जणांना उपयुक्त वाटलं."