भुसा मंडळाचं कोठार

बेल वाजली तसे मास्तर चहाचा कप खाली ठेवून उठले, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि मगच दार उघडलं. खोकी पोचवणारा माणूस आता ओळखीचा झाला होता. आजचं खोकं त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. घर बांधायला काढलंय की काय, असं त्याने विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, छे, आहे तेच राखतोय. फोनवर आलेला आकडा त्यांनी वाचून दाखवला, त्याला पाणी विचारलं, आणि तो जिना उतरून जाईपर्यंत दारातच उभे राहिले. खोक्यावर नाव मास्तरांचं होतं. आतला, लाकडात खाचा पाडायचा राऊटर वकिलाचा होता.

हा प्रकार समजायला भुसा मंडळ समजून घ्यायला हवं. निवृत्त चित्रकला मास्तर, एक दंतवैद्य, एक वकील आणि एक बसड्रायव्हर असे हे चौघे. चौघांनाही सुतारकामाचं वेड, पण त्यातही लाकूड कापण्यापेक्षा करवत घेण्याचं जास्त. एवढ्या वर्षांत मंडळाने मिळून एक स्टूल बनवलं होतं आणि त्यावर बसायला मंडळातलंच कुणी धजत नव्हतं. दर रविवारी सकाळी ड्रायव्हरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते जमायचे. ज्याची नवी खरेदी असेल त्याने ती फडक्याखाली झाकून मधल्या टेबलावर ठेवायची. फडकं बाजूला झालं की सगळे टेबलावर वाकायचे. मग रंधा असो नाहीतर लाकूड घासायचा सँडर, तो हातोहात फिरायचा; कुणी वजन जोखायचं, कुणी मूठ दाबून बघायचं, दंतवैद्य तर पात्याचा वासही घ्यायचा. आणि मग खरा प्रश्न यायचा, घरात नेली कशी?

कारण विकत घेणं काय, कुणालाही जमतं. बायकोच्या नजरेखालून ती वस्तू आत नेणं, ही खरी कारागिरी. वकिलाने खटल्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात पटाश्यांचा अख्खा संच नेला होता. दंतवैद्याने दवाखान्याचं सामान म्हणून ड्रिल नेला आणि बायकोने तो कुणाच्या तोंडात घालणार म्हणून विचारल्यावर चेहरा हलू दिला नव्हता. पण मंडळात सगळ्यांत मान होता तो मास्तरांच्या गोष्टींना, कारण मास्तरीणबाईंच्या नजरेतून सुई सुटत नसे.

"ही करवत नवी दिसतेय," त्या एकदा म्हणाल्या होत्या.

"जुनीच आहे. जरा पुसून काढली."

"पुसल्यावर दात नवे येतात वाटतं. मग उद्या माझी बत्तीशीही पुसून द्या."

ही गोष्ट मंडळाने कितीदा तरी मागून मागून ऐकली. मास्तरही दर वेळी नव्याने सांगायचे, आणि घरी जाताना वाटेत एकटेच हसायचे.

मग मास्तरीणबाईंना साधा खोकला झाला. तो छातीत उतरला, आणि घरातलं बोलणं थांबलं.

काही महिन्यांनी मंडळाच्या आग्रहाखातर मास्तरांनी एक छोटासा रंधा घेतला. पितळेचा, मुठीत पाखरू बसावं तसा बसणारा. तो घेऊन ते सरळ पुढच्या दाराने आत आले. सवयीने पाऊल हलकं पडलं, सवयीने पिशवी पाठीमागे गेली. मग ते स्वयंपाकघराच्या दारात थबकले, पिशवी पुढे घेतली, रंधा जेवणाच्या टेबलावर अगदी मधोमध ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसले. संध्याकाळपर्यंत त्या रंध्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. रविवारी मंडळात फडकं निघालं, रंधा फिरला, आणि ड्रायव्हर बोलण्याच्या ओघात विचारून गेला, "घरात नेलात कसा?"

"दारातून," मास्तर म्हणाले.

त्यानंतर मास्तरांनी काही घेतलं नाही.

कोठाराची कल्पना दंतवैद्याच्या तोंडून निघाली आणि निघताक्षणी ती परत गिळता आली तर बरं असं त्याला झालं. त्याची बायको हल्ली दुपारीही घरी असे. तेव्हा मागवलेली वस्तू मास्तरांच्या पत्त्यावर आली तर... म्हणजे तिथे आता विचारणारं कुणी... एवढं म्हणून तो आपल्याच हातांकडे बघत बसला. पण मास्तर शांतपणे म्हणाले, पाठव की. नावही माझंच घाल, म्हणजे घोटाळा नको.

खरं सांगायचं तर त्यांना बेलची भूक लागली होती. दंतवैद्याच्या मागोमाग वकील आला, वकिलाच्या मागोमाग ड्रायव्हर. एकाने जे घेतलं ते दुसऱ्याला हवंच, म्हणून एकच ड्रिल तीनदा आला. न्यायला मात्र कुणाला सवड होईना. दंतवैद्याची बायको माहेरी जाईना, वकिलाच्या घरी रंगकाम निघालेलं, ड्रायव्हरची पाळी बदललेली. बैठकीची खोली भरली, कपाट भरलं, जेवणाच्या टेबलाखाली शिकंज्यांची खोकी गेली. शेवटची काही खोकी मास्तरांनी पलंगावर ठेवली, पलीकडच्या बाजूला. ती बाजू रिकामी असली की गादी त्यांच्याकडेच कलायची आणि झोपेत घसरल्यासारखं व्हायचं. एक सँडर आणि दोन ग्राइंडर ठेवल्यावर गादी पूर्वीसारखी समतोल झाली. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

आणि लेक आली. न कळवता, सुट्टी काढून. ती इस्पितळात परिचारिका, माणसाच्या चेहऱ्यावरून ताप ओळखणारी. दारातून आत येताच तिला बाजूने चालावं लागलं. ती बैठकीत थांबली, कपाट उघडलं, मिटलं, आणि झोपायच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, आईच्या जागेवर काय ठेवलंय हे?"

तिने एकेक खोकं वळवून नाव वाचलं. सगळीकडे तेच नाव. हे सगळं तुम्ही घेतलंत का, असं तिने विचारलं, आणि मास्तरांनी तीन घरांची शांतता डोळ्यांपुढे आणून मान डोलावली.

"एकसारखे तीन ड्रिल?"

"एखादा बिघडला तर."

"मग दोन पुरतात."

"दुसराही बिघडला तर," मास्तर म्हणाले. खोटं बोलण्याचा त्यांचा हात बसलेला होता. पण समोरचं माणूस चिडण्याऐवजी रडायला लागलं, तर पुढे काय बोलायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. अशी वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

लेकीने डोळे पुसले आणि निर्णय सांगितला. माणूस गेल्यावर असं होतं, तिने इस्पितळात पाहिलं होतं. आतली पोकळी लोक वस्तूंनी भरायला बघतात. बाबांनी आता तिच्याकडे राहायला यायचं. हे घर कुलूप लावून ठेवायचं, पुढचं पुढे बघू. मास्तर खिडकीकडे बघत राहिले. त्या खिडकीच्या कठड्यावर मास्तरीणबाईंच्या कोपराने घासून घासून रंग गेला होता आणि तेवढ्याच जागी लाकूड दिसत होतं. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या रंध्यांपैकी एकाही रंध्याने एवढं गुळगुळीत लाकूड काढलं नव्हतं. लेकीच्या घरी त्यांची खोली तयार होती. तिथल्या कठड्यांचा रंग नवा होता.

खरं बोललं असतं तर सगळं जागच्या जागी मिटलं असतं. पण त्यांच्या मनात आलं, त्या तिघांना अजून कुणापासून तरी लपवायचं आहे. आपल्या हाताने ते मोडायचं कसं?

लेकीने वडिलांची समजूत घालायला म्हणून दंतवैद्याच्या बायकोला फोन केला, तिने वकिलीणबाईंना केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही बायका आपापल्या नवऱ्यांना घेऊन हजर. बसायला जागा नव्हती म्हणून सगळे खोक्यांवरच बसले. वकील नेमका आपल्या राऊटरवर बसला आणि अंग चोरून, पिल्लू दडवलेल्या कोंबडीसारखा टेकून राहिला.

बायका मायेनेच बोलल्या. दुःख आम्हालाही कळतं, पण हे बरं नव्हे, असं ड्रायव्हरच्या बायकोने सांगितलं.

"भावोजी, आमच्या ह्यांच्याकडे बघा," वकिलीणबाई म्हणाल्या. "वर्षभरात एक खिळा घेतला नाही. मनावर घेतलं की जमतं."

वकिलाने विनयाने मान खाली घातली.

मग दंतवैद्याच्या बायकोला सुचलं की हे सगळं सुतारकाम शिकवणाऱ्या एखाद्या शाळेला देऊन टाकावं. मुलं शिकतील, घर मोकळं होईल. लेकीला ते एकदम पटलं. तिच्या इस्पितळाजवळच तशी शाळा होती. तिने तिथल्या तिथे फोन लावला, आणि टेम्पो दुपारपर्यंत येतो असं ठरलंसुद्धा.

खोलीत तीन पुरुषांचे श्वास ऐकू यायला लागले. दंतवैद्य म्हणाला की शाळेतल्या मुलांना एवढी धारदार हत्यारं, म्हणजे, बोटांचा विचार करायला हवा. वकील म्हणाला की दान करण्याआधी कायदेशीर बाजू तपासावी. त्यांच्या बायकांनी दोघांना गप्प केलं. ड्रायव्हर नुसता मास्तरांकडे बघत होता.

"देऊन टाका," मास्तर म्हणाले. "माझी काही हरकत नाही. मीही दोन दिवसांत आवरून निघतो."

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, की लेकीला बरं वाटण्याऐवजी चमकल्यासारखं झालं. मास्तर उठून कठड्यापाशी गेले आणि त्या रंग उडालेल्या जागेवर हात ठेवून पाठमोरे उभे राहिले.

"त्या कोपऱ्यातली करवत माझी आहे," ड्रायव्हर म्हणाला.

त्याच्या बायकोने मान वळवली.

"आणि एक ड्रिल. आणि टेबलाखालचे शिकंजे. मास्तरांचं यातलं काही नाही. त्यांनी वहिनी गेल्यावर एक रंधा घेतला, तेवढाच. हे आमचं कोठार आहे." मग तो उरलेल्या दोघांकडे वळला. "बोला की आता. की मास्तर टेम्पोत बसल्यावर बोलणार आहात?"

दंतवैद्य कबूल झाला. वकील शेवटी कबूल झाला, तोही अर्धाच, आणि राऊटरवरून उठल्यावर उरलेला. मग खोलीत जे झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. वर्षभरात एकही खिळा न घेतलेल्या नवऱ्याची खोकी वकिलीणबाईंनी स्वतःच्या हाताने मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. टेम्पो परत पाठवावा लागला. प्रत्येक जोडपं आपापली खोकी घेऊन निघालं; जड खोक्याचं एक टोक नवऱ्याच्या हातात, दुसरं बायकोच्या, कारण रागावलं तरी जिन्यावर सांभाळायला हवंच.

मास्तर खिडकीत उभे राहून ऐकत होते. खाली रस्त्यावर तीन भांडणं चालत निघाली होती. दवाखान्याचं सामान काय, मी आंधळी आहे का, जरा वर धर, माझा पाय चेंगरेल, घरी चल मग सांगते. ते आवाज कोपऱ्यावर वळले, तिथे जरा रेंगाळले आणि मग ऐकू येईनासे झाले. मास्तर तरी कान देऊन उभेच होते.

"किती छान भांडत गेले," ते म्हणाले.

लेक त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. आईला तुम्ही कधी फसवू शकलात का, असं तिने विचारलं. मास्तरांनी तिला करवतीची गोष्ट सांगितली, हातोड्याची सांगितली, छत्रीत लपवलेल्या काटकोन मापायच्या गुण्याची सांगितली. ती हसली आणि हसता हसता रडली. राहायला या, हे पुन्हा काही तिने काढलं नाही. जाताना पलंगावरची चादर झटकून सारखी केली, आणि तिचा हात पलीकडच्या रिकाम्या बाजूवर थोडा जास्त वेळ फिरला.

घर वाचलं. पण त्यात आता चाललं की पावलं वाजत. मंडळही बदललं. बायकांनी फर्मान काढलं होतं की जे घ्यायचं ते डोळ्यांदेखत घ्या, आणि खोकी ज्याच्या त्याच्या घरी जायला लागली. रविवारी फडकं निघायचं, वस्तू फिरायची, आणि घरात नेली कशी हे विचारायचं कुणाला सुचत नसे. हिनेच रंग निवडला, असं दंतवैद्य एकदा ओशाळून म्हणाला. मास्तर हसले. घरी आले, चहा केला आणि पिऊन झाल्यावरही रिकामा कप हातात धरून बसले. खोकी पोचवणारा माणूस जिन्याने वर वर जायचा. त्यांच्या मजल्यावर तो थांबत नसे.

एका दुपारी तो थांबला. मास्तरांना वाटलं, घर चुकला. पण खोक्यावर नाव त्यांचंच होतं आणि खोकं बरंच जड होतं. त्यांनी काही मागवलं नव्हतं. ते उलटसुलट करून बघत होते तोच लेकीचा फोन आला.

"बाबा, आलं का? लाकूड कातायचं छोटं लेथ आहे. मी शिकणार आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पण ह्यांना यातलं काही कळता कामा नये. तुमच्याकडेच राहू दे. आणि बाबा, पुढच्या आठवड्यात आणखी एक येईल."

ती बोलत असतानाच पलीकडून जावयाचा आवाज आला, अगदी फोनजवळून आणि अगदी स्वच्छ. "पोचलं का गं? विचार ना, दारापर्यंत आणून दिलं की खालीच ठेवलं?"

लेकीने घाईघाईने फोनवर हात ठेवला. मग तो काढला.

मास्तर उभे होते ते खुर्चीत बसले. लेकीला खोटं बोलायचं मुळीच येत नव्हतं; आईवर गेली होती. आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्यापासून काहीतरी लपवत होतं. सगळं लख्ख दिसत असून न दिसल्यासारखं करायला किती जीव लावावा लागतो, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्यांनी खोकल्याचं निमित्त करून फोन जरा दूर धरला.

"काळजी करू नकोस," ते म्हणाले. "माझ्या तोंडून अक्षर निघायचं नाही. पण जड आहे गं हे, तुला एकटीला उचलायचं नाही. न्यायला येशील तेव्हा त्याला काहीतरी थाप मारून सोबत आण."

"थाप? कसली थाप मारू, बाबा?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि खुर्चीत नीट सरकून बसले. या विषयात त्यांचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

"वेळ आहे ना तुला?" त्यांनी विचारलं.